पुण्यानुमोदनानंतरचे कर्तव्य

घरातील कर्ता माणूस गेला की काही दिवसांनी जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. भन्ते किंवा बौद्धाचार्य परित्राण पाठ करतात, धम्मप्रवचन होते आणि जमलेल्यांना भोजन दिले जाते. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान यांचा त्याग आहे. परंतु श्राद्धाची जेवणावळ पुण्यानुमोदनाच्या नावाने परत येत असेल आणि तीसाठी विधवेला कर्ज काढावे लागत असेल, तर आपण नेमके काय सोडले?

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मित्राची लक्षणे सांगितली आहेत. खरा मित्र संकटात सोडून जात नाही, गरजेच्या वेळी मागितल्याच्या दुप्पट देतो आणि मित्राच्या कुटुंबाचाही मान राखतो. मृताच्या घराला आधार देणे हा धम्माचरणाचाच भाग होय, असे आम्ही मानतो.

उमरी तालुक्यातील उदाहरण घेऊ. येथील मजूर कामासाठी रेल्वेने निजामाबाद, हैदराबादकडे जातात. आजारी माणसाला उपचारासाठी नांदेडला नेतात. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडला तेथेच होते, गावी नव्हे. ती २१ दिवसांच्या आत करावयाची असते. उशीर झाल्यास विलंबशुल्क व परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. हा एक कागद नसेल तर पुढील सर्व दारे बंद राहतात.

अपघात, सर्पदंश किंवा वीज पडून मृत्यू झाल्यास पोलीस पंचनामा व शवविच्छेदन टाळू नये. देहाची चिरफाड नको म्हणून घाईने अंत्यसंस्कार केला, तर मृत्यूचे कारण पुढे सिद्ध करता येत नाही. देह अनित्य आहे हे आपण जाणतो. मागे राहिलेल्या मुलांचा हक्क त्यासाठी गमावणे योग्य नव्हे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कर्ता वारल्यास राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. १९९५ साली सुरू झालेल्या या योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. निराधार विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना असून २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख रुपये मिळतात. परंतु त्यासाठी सातबाऱ्यावर त्याचे किंवा कुटुंबातील कोणाचे तरी नाव हवे. भूमिहीन मजुराचे घर त्यात बसत नाही, आणि आपली बहुसंख्य घरे भूमिहीनच आहेत.

म्हणून मृताचे बँक पासबुक अवश्य पाहावे. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेले असतील तर जीवनज्योती विमा आहे. २० रुपये कापले असतील तर अपघाताचा सुरक्षा विमा आहे. दोहोंची रक्कम प्रत्येकी २ लाख रुपये आहे. पासबुक पेटीत पडून राहते आणि घर सावकाराच्या दारी जाते, असे घडू नये.

नामांतराच्या काळात, १९७८ साली, याच नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. तेव्हा अत्याचार प्रतिबंधक कायदा नव्हता. १९८९ चा कायदा व १९९५ चे नियम आल्यानंतर अशा कुटुंबाचा हक्क लेखी झाला. २०१६ च्या सुधारणेनुसार हत्येच्या प्रकरणी ८ लाख २५ हजार रुपये, विधवेला किंवा अवलंबितांना निवृत्तिवेतन आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च यांची तरतूद आहे. शहीदांना अभिवादन करताना त्यांच्या घरची चूल पेटते काय, हेही विचारले पाहिजे.

प्रत्येक विहार समितीने एक नोंदवही ठेवावी. तीत मृत्यूची तारीख, ठिकाण, नोंद झाली की नाही, कोणता अर्ज कोठे दिला, हे लिहावे. लिहितावाचता येणारे दोन उपासक-उपासिका तहसील व बँकेत त्या भगिनीसोबत जावेत. पुण्यानुमोदनाला चहापाणी पुरे. वाचलेला पैसा व आलेल्यांचे दान तिच्या नावे खात्यात जमा करावे. ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणून आपण घरी परततो. त्यानंतर तिच्या दाराशी पुन्हा कोण जाते, यावरच आपल्या मैत्रीची पारख होईल.