उपेक्षित झडप

सांगलीहून तासगावकडे जाणारा रस्ता माधवनगर, बुधगाव, कवलापूर या गावांवरून जातो, आणि तासगावचा बेदाणा, सांगलीच्या पेठेतील हळद व गूळ, गळिताच्या हंगामातील ऊस असा नाना प्रकारचा माल घेऊन ट्रकांची रहदारी या रस्त्यावर बारमाही चालू असते. माधवनगर हे मूळचे धाकट्या पातीच्या मिरज संस्थानाच्या, म्हणजे बुधगावकर पटवर्धनांच्या, अमलातील गाव. पुणे–मिरज लोहमार्गावर त्याचे स्वतःचे स्थानक आहे, आणि त्याच मार्गाने उत्तरेस नांद्रे व भिलवडी मागे टाकली की ज्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कारखाना उभारला ती किर्लोस्करवाडी लागते. यंत्राशी ज्याचा परिचय इतका जुना आहे अशा या मुलखातही ट्रकच्या इंजिनातील एका लहानशा भागाविषयी सार्वत्रिक अनास्था आढळावी, याचे नवल वाटते. त्या भागाचे नाव थर्मोस्टॅट. आणि तो बिघडला वा नाहीसा झाला म्हणजे जो विकार जडतो तो इंजिन वाजवीपेक्षा थंड चालण्याचा.

आपल्याकडे इंजिनाच्या उष्णतेची जेवढी धास्ती आहे तेवढी थंडपणाची नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. कुंभार्ली किंवा आंबा घाटात रेडिएटर उकळून कडेला उभी राहिलेली भरली गाडी ज्याने एकदा पाहिली, आणि मागाहून हेड वाकल्याचा व गॅस्केट गेल्याचा खर्च ज्याने एकदा सोसला, त्याला इंजिन थंड राहते आहे ही बातमी शुभवर्तमानासारखीच वाटणार. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरीत नसेल तर चालकाच्या पदरी एवढीच मर्यादा उरते. म्हणून गाडी एकदा तापली की पुष्कळ मिस्त्री कारणाचा तपास न करता थर्मोस्टॅटच काढून टाकतात, रिकामे हाऊसिंग पुन्हा आवळतात, आणि मालकही ‘आता गाडी गार चालते’ म्हणून संतुष्ट होऊन घरी जातो. काढलेला भाग गॅरेजातल्या भंगाराच्या डब्यात पडतो. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच गाडीचे लायनर आणि रिंगा बदलण्याची पाळी येते तेव्हा त्या डब्याची आठवण कोणालाही होत नाही.

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनापासून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली धुराबरोबर आणि पाण्याबरोबर बाहेर टाकावी लागते. मात्र पाण्याने किती उष्णता न्यावी याला मर्यादा हवी, आणि ती मर्यादा सांभाळण्याचे काम थर्मोस्टॅट या झडपेकडे सोपविलेले आहे. इंजिन थंड असताना ती बंद राहून पाण्याला बगलमार्गाने पुन्हा इंजिनातच फिरविते. पाणी ठरावीक तपमानास पोहोचले की हळूहळू उघडून रेडिएटरची वाट मोकळी करून देते. पूर्वी यासाठी पातळ पत्र्याच्या घडीदार डबीत सहज बाष्प होणारा द्रव भरीत. परंतु पाण्याचा दाब वाढला की त्या डबीचा अंदाज चुकत असे. १९३४ साली सर्जियस व्हर्ने याने मेणाचा थर्मोस्टॅट शोधून काढला आणि आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक सर्व ट्रकांत तोच आहे. धातूच्या कुपीत कोंडलेले मेण वितळताना फुगते, फुगताना दांडा लोटते, आणि दांडा स्प्रिंगचा जोर मोडून झडप उचलतो. विजेची तार नाही, चालकाची आज्ञा नाही. तबकडीवर किंवा कुपीच्या बुडावर ८२ किंवा तत्सम अंक ठसविलेला असतो. झडप उघडण्यास आरंभ होण्याचे ते तपमान, आणि त्यापुढे दहा-बारा अंशांत ती पूर्ण उघडते.

ही व्यवस्था मोडल्यावर जे घडते ते सावकाश घडते म्हणूनच ते नजरेतून निसटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेट घेते, आणि सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की इंधनाचा काही अंश अर्धवट जळून पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर जातो, तर काही अंश लायनरवरील तेलाचा थर धुऊन खाली तेलाच्या चेंबरात उतरतो. ज्वलनातून निर्माण होणारी वाफ थंड भिंतीवर द्रवते, इंधनातील गंधकाशी तिचा संयोग होऊन आम्ल बनते, आणि ते आम्ल लायनर खाऊ लागते. सिलिंडरची झीज घर्षणापेक्षा थंड अवस्थेतील या गंजण्याने अधिक होते, हे १९३०च्या दशकातच इंग्लंडमधील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने प्रयोगांती दाखवून दिले होते. आजच्या डिझेलात गंधक नाममात्र उरले आहे हे खरे. परंतु पाणी, काजळी आणि तेलात मिसळणारे डिझेल यांना त्याची गरज नाही.

या विकाराचा तपास करताना पहिली जबानी मीटरच्या काट्याची घ्यावी, पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. काटा खाली आहे याचा अर्थ इंजिन थंड आहे असाच होतो असे नाही: सेन्सरची तार गंजली असेल, अर्थिंग सुटले असेल, किंवा पाणी इतके कमी झाले असेल की सेन्सरचे टोक पाण्याऐवजी हवेत लोंबत असेल. यातला तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण तेथे काटा थंडपणाची ग्वाही देत असतो आणि हेड आत तापत असते. म्हणून आधी पाण्याची पातळी पाहावी, मग उष्णता मोजण्याची हातातली बंदूक हाऊसिंगवर धरून खरे तपमान घ्यावे.

तपमान खरोखरच कमी निघाले तर पुढची परीक्षा हाताची. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करावी आणि पंख्यापासून हात व बाही सांभाळून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर तळहात ठेवावा. झडप शाबूत असेल तर इंजिन तापत जाते तरी तो होज बराच वेळ गार राहतो, आणि मग जवळजवळ एकाएकी गरम होतो. झडप उघडी अडकलेली किंवा गायब असेल तर तो आरंभापासून इंजिनाच्या बरोबरीने कोमट होत जातो. एवढ्यावर निकाल लागला नाही तर पाणी उतरवून थर्मोस्टॅट बाहेर काढावा, पातेल्यात तारेने बुडाला न टेकेल असा टांगावा, शेजारी तपमापक धरावा, आणि त्यावर ठसविलेल्या तपमानाला तो उघडतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. गार पाण्यातच त्याच्या तबकडीखालून उजेड दिसला, तर पाणी तापवण्याचीही आवश्यकता नाही. बसविताना मेणाची कुपी इंजिनाच्या अंगाला यावी, आणि तबकडीवर हवा सुटण्यासाठी जे छोटेसे भोक व त्यात हालणारी पिन असते ती वरच्या बाजूस राहावी. ती खाली गेली तर अडकलेली हवा नवा घोटाळा उत्पन्न करते.

थर्मोस्टॅट निर्दोष ठरला तर पंख्याकडे वळावे. ज्या गाड्यांना द्रवाच्या क्लचवर चालणारा पंखा आहे त्यांत क्लच आतून जाम झाला की पंखा इंजिनाला जखडल्याप्रमाणे सदैव पूर्ण वेगाने फिरतो. गाडी चालताना त्याची अखंड घरघर ऐकू येते आणि चढावरही काटा हलत नाही. शिवाय साखर कारखान्याच्या आवारात पौषातल्या रात्री रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी निर्दोष असूनही थंडच चालते, कारण निष्क्रिय फिरणाऱ्या डिझेल इंजिनात उष्णता निर्माणच थोडी होते. येथे दोष यंत्राचा नसून सवयीचा आहे, आणि तो दुरुस्त करायला पाना लागत नाही.

एका फसवणुकीविषयी मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. थंड चालणाऱ्या इंजिनाचे तेलाचे झाकण उघडले की आतल्या अंगाला सायीसारखा दुधट लगदा चिकटलेला दिसतो. तो पाहताच ‘हेडगॅस्केट गेले, पाणी तेलात उतरले’ असा निवाडा देऊन सबंध हेड उतरविण्याची घाई केली जाते. हा लगदा पुष्कळदा ज्वलनातील द्रवलेल्या वाफेचाच असतो. दोहोंतला भेद ओळखणे अवघड नाही: रेडिएटरातले पाणी कमी होत नसेल, डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असून दुधटपणा केवळ झाकणापुरता असेल, तर हेडला हात लावू नये. उलट डिपस्टिकवरील पातळी आपोआप वर चढत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर न जळलेले इंधन चेंबरात जमत आहे हे निश्चित समजावे. ते तेल ताबडतोब बदलावे.

ज्या उष्णतेच्या भीतीने ही झडप काढतात त्या उष्णतेपासूनही तिच्या अभावाने संरक्षण मिळत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूस दुसरी तबकडी असते, आणि मुख्य झडप उघडत असताना ती बगलमार्ग बंद करीत जाते. थर्मोस्टॅटच नसला की बगलमार्ग कायम मोकळा राहतो, गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच येतो, आणि सपाटीवर गार धावणारी तीच गाडी ऐन घाटात भर ओझ्याखाली उकळते. मग रेडिएटर दोषी ठरविला जातो, त्याची सफाई होते, वॉटर पंप बदलला जातो, आणि खरा अपराध दप्तरी नोंदविलाच जात नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या प्रदूषण-निकषांच्या गाड्यांत ही हयगय फार काळ खपत नाही. धूर शुद्ध करणारी त्यांची यंत्रणा पुरेशा उष्णतेवाचून नीट चालत नाही, काजळीची गाळणी लवकर तुंबते, आणि संगणक चालकापुढे लाल-पिवळे दिवे लावून तक्रार नोंदवितो. जुन्या इंजिनांना ही वाचा नव्हती. माधवनगरच्या रस्त्यावर आजही धावणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी म्हणून पुढच्या खेपेस पाणी बदलताना दोन बोल्ट सोडून हाऊसिंग एकदा उघडून पाहावे. आत झडप नसेल तर इंजिनाच्या क्रमांकाप्रमाणे योग्य अंकाची नवी झडप आणि नवे गॅस्केट बसवून घ्यावे. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.