सीटची पाणसळ

ऑकलंडच्या पश्चिमेला आमचं न्यू लिन. स्टेशनपासून रुळांच्या कडेकडेने ॲव्हनडेलपर्यंत सायकलसाठी वेगळा रस्ता आहे, तिथून वॉटरव्ह्यूमार्गे पार शहरापर्यंत जाता येतं. उलट्या दिशेने निघालं, की टिटिरांगीचा चढ. साहजिकच इथे आलेली आपली मंडळी हौसेने रोड बाइक घेतात आणि काही महिन्यांत तीच सायकल गॅरेजच्या भिंतीला टेकते. विचारलं तर उत्तर येतं, ‘कंबर धरते हो’ किंवा ‘हाताला मुंग्या येतात, वय झालं आता.’ खरी तक्रार बसण्याच्या जागेची असेल, तर ती कुणी बोलतच नाही. बायका तर त्याहून गप्प.

पण तिथे बधिरपणा येणं म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडणं. ‘सवय होईल’ म्हणून ते सोसायचं नसतं. आणि पुष्कळदा दोष वयाचा नसतो, सीटच्या कोनाचा असतो.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलवर आपण ताठ बसायचो. सीट रुंद, खाली स्प्रिंगा. सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर. रोड बाइकवर मात्र पुढे वाकावं लागतं. कंबरेचा सांगाडा पुढे कलतो आणि भार नाजूक भागावर येतो. सीटचं नाक वर असेल तर तिथे टोचतं, पाठही दुखते. फार खाली असेल तर आपण पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. मग मनगटं आणि खांदे बोलायला लागतात.

इस्रायली डॉक्टरांनी १९९९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एक अभ्यास मांडला होता. पाठदुखीच्या सायकलस्वारांची सीट १० ते १५ अंश पुढे झुकवली, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांना आराम पडला. रोड बाइकवर इतका उतार सहसा लागत नाही. सपाट किंवा नाक एक-दोन अंश खाली, इथून सुरुवात करावी.

त्यासाठी सायकल सपाट जमिनीवर उभी करा. आमच्याकडचे उतरते ड्राइव्हवे यासाठी बाद! सीटवर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा आणि त्यावर गवंड्याची पाणसळ किंवा मोबाइलमधलं लेव्हल. सीटपोस्टच्या क्लॅम्पला पुढे-मागे दोन बोल्ट असतील तर काम सोपं: नाक खाली आणायचं तर मागचा पाव फेरा सैल करा, पुढचा तेवढाच आवळा. वर न्यायचं तर उलट. एकच बोल्ट असेल तर आवळताना सीट किंचित फिरते, म्हणून शेवटी पुन्हा मोजा. किती जोराने आवळायचं तो आकडा बहुधा सीटपोस्टवरच न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो. कार्बनच्या भागांवर अंदाजाने जोर लावू नका.

एका वेळी अर्धा-एक अंशच बदला. दोन-तीन फेऱ्या मारा, मगच पुढचा बदल. मूळ कोन आधी लिहून ठेवा. नाक हललं की बसण्याची उंचीही थोडी बदलते, तीही तपासा.

आणखी एक हिशेब. ५ टक्के चढावर अख्खी सायकलच जवळपास ३ अंश मागे कलते. म्हणजे रुळांकडेच्या सपाट रस्त्यावर सुखाची वाटणारी सीट टिटिरांगीच्या वाटेवर नाक वर काढते. म्हणून मित्राचा कोन उचलून आपल्याला लावू नये. शरीर आपलं, रस्ताही आपला.

एवढं करूनही बधिरपणा राहिला तर सीटची रुंदी आणि आकार बदलून बघा, आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. सायकल विकायची जाहिरात टाकण्याआधी मात्र एकदा ॲलन की हातात घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.