निरोगी दंड पुढें करणारे

एड्सच्या लशीविषयीं बोलणें निघालें कीं आमच्या तळा गांवींही एक प्रश्न हटकून येतो : अशी लस अजमावून पाहण्यासाठीं घरांतील एखादा निरोगी मुलगा आपला दंड पुढें करूं लागला, तर वडील माणसांनीं होकार द्यावा काय ? प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. मात्र माहितीवांचून त्याचें उत्तर देणें बरें नव्हे.

पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेंत ७ फेब्रुवारी २००५ रोजीं या देशांतील अशा लशीची पहिली मानवी चांचणी सुरू झाली. तिच्यासाठीं ३० निरोगी स्त्रीपुरुष घ्यावयाचे होते. लशींत रोगाचा सबंध विषाणु नव्हताच. भारतांत विशेष आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराच्या जनुकांचे कांहीं अंश एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचांत घातलेले होते. त्यांपासून एच. आय. व्ही.ची लागण होणें शक्य नव्हतें. शरीरास शत्रूची ओळख पटावी, एवढाच हेतु.

खरी अडचण निराळीच आहे. नेहमींची तपासणी विषाणु शोधीत नाहीं, रक्तांतील प्रतिद्रव्यें शोधते. लशीमुळें तीं कधीं कधीं उत्पन्न होतात आणि निरोगी माणूस कागदावर रोगी ठरतो ! दुसऱ्या प्रकारच्या तपासणीनें निवाडा होतो खरा. परंतु तोंपर्यंत सोयरीक मोडावयास आपले लोक थांबतील काय? म्हणून ही गोष्ट घरांतील सर्वांस आधींच ठाऊक हवी.

१० जानेवारी १८९७ रोजीं डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली व मग भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर अजमावली. कैद्याच्या स्वखुषीस कितपत अर्थ असतो, हें सुज्ञांस सांगणें नको. आज सज्ञान माणसाची लेखी संमति लागते, आणि चांचणींतून केव्हांही अंग काढून घेतां येतें. मुलानें तो कागद नीट वाचला असेल, तर मी तरी आडवा येणार नाहीं.

पुण्याची ती लस निर्धोक ठरली, पण पुरेशी प्रतिकारशक्ति निर्माण करीना. २००९ सालीं थायलंडांतील १६,००० हून अधिक लोकांच्या चांचणींत सुमारें ३१ टक्के संरक्षण दिसलें. त्याच धर्तीची दक्षिण आफ्रिकेंतील चांचणी २०२० सालीं निष्फळ म्हणून थांबविली. विषाणु सारखें रूप पालटतो, त्यास काय करावें ! अशी लस आजही कोठें विकत मिळत नाहीं. कोणी देऊं म्हणाला, तर त्यास दारांतूनच परत पाठवावें.