गाडीत करडू न्यायचे आहे? मग आधी हे वाचा



भर पावसात घरातले करडू आजारी पडते. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात तातडीने न्यायला हवे. धसईहून मुरबाडपर्यंत दुचाकीवर भिजत नेण्यापेक्षा दारातली गाडी बरी, असे ठरते. मागच्या सीटपुढे खाली गोणपाट टाकून करडाला बसवले जाते. औषध मिळते, करडू जगते, सगळ्यांना आनंद होतो. गोणपाट काढून धुतले जाते आणि विषय तेथेच संपतो.

पण करडाचे मूत गोणपाटातून खाली गेलेले असते. काही दिवसांनी चालकासमोर एक दिवा लागतो. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा, असे त्यावर चित्र असते. गाडी तर नीट चालते, म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. तो दिवा एअरबॅगचा आहे. तो विझत नसेल, तर अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही.

जुनी जीप आणि आजची गाडी

जुन्या जीपच्या तळाला उघडा पत्रा असे. बादलीभर पाणी ओतून खराट्याने घासली की काम झाले. आजच्या गाडीला ही रीत चालत नाही. भारतात जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२१ मध्ये शेजारच्या सीटसाठीही ती आवश्यक ठरली. या एअरबॅगांचा ‘मेंदू’ म्हणजे एक छोटी डबी. बहुतेक गाड्यांत ती दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, गिअरच्या आसपास तळाशी बसवलेली असते. दारांच्या उंबऱ्यालगत गालिच्याखालून वायरींचा जुडगा जातो. सीटखालीही वायरींचे जोड असतात. म्हणजे सांडलेले जिथे वाहत जाते, नेमकी तिथेच ही नाजूक यंत्रणा आहे.

धसईकरांना यंत्रांचे नवल नाही. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून धसईचे नाव झाले, ते दुकानातल्या कार्डाच्या यंत्रांमुळे. त्या यंत्रावर कोणी चहा सांडू देईल का? तशाच जातीचे यंत्र आपल्या गाडीत पायाशी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

मूत, दूध आणि चहा

साधे पाणी वाळून जाते. मूत वाळले तरी त्यातले क्षार मागे राहतात. त्यातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि तो तांब्यापितळेला खातो. जोड हिरवा पडतो. कुत्र्याच्या किंवा मुलाच्या ओकारीत पोटातले आम्ल असते. दूध आंबते. साखरेचा चहा बटनांच्या फटीत चिकट होऊन बसतो. त्यात वायरींतून वीज खेळत असेल, तर ओल्या जोडावर ही झीज फार झपाट्याने होते. हवा दमट असली की वाळलेले क्षारही पुन्हा ओल धरतात. म्हणून पावसाळ्यात जास्त जपावे.

आधी घ्यायची काळजी

गोणपाट ओल शोषते, पण अडवत नाही. करडू किंवा कोंबड्या न्यायच्या असतील, तर काठ असलेला पसरट प्लास्टिकचा टब घ्यावा. त्यात जुनी वर्तमानपत्रे आणि वर भाताचा पेंढा घालावा. टबाखाली ताडपत्री अंथरून तिच्या कडा चारी बाजूंनी वर वळवाव्यात. टब मागच्या बाजूला घट्ट बसवावा. चालकाच्या पायाशी मात्र ताडपत्री, पोते काहीही सैल टाकू नये. ते पेडलखाली अडकते.

राखणीचा कुत्रा न्यायचा असेल, तर निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नये आणि निघताना फिरवून आणावा. माळशेज घाटासारखी वळणे असली, तर मध्ये एकदा थांबावे. कुत्र्याचा पाय काचेच्या बटनावर पडतो, म्हणून मागच्या काचा चालकाकडच्या बटनाने बंद ठेवाव्यात.

दुधाचा कॅन झाकण घट्ट लावून, उभा बांधून न्यावा. चहाचा पेला गिअरजवळच्या खाचेत ठेवू नये. तो कलंडला की चहा थेट त्या डबीच्या दिशेने जातो.

सांडलेच तर

गाडी कडेला घेऊन बंद करावी. किल्ली काढून स्वतःजवळ ठेवावी. सुती फडके दाबून ओल टिपावी. घासू नये, घासल्याने ती खोल जाते. बटने चालतात का, हे दाबून पाहू नये.

ओल गिअरच्या भोवती, बटनांत किंवा सीटखाली गेली असेल, तर घरी पोहोचल्याची वाट न पाहता तेथूनच कारागिराला बोलवावे. बॅटरीची काळी, म्हणजे वजा खुणेची वायर आधी सोडवून घ्यावी. वीज तुटली की झीज मंदावते. पिवळ्या रंगाचे जोड एअरबॅगचे असतात. त्यांना आपण हात लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी वायरींच्या जवळही जाऊ नये.

गालिच्यावरचा डाग थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपावा. दुधाला गरम पाणी लावू नये, ते गोठून धाग्यात बसते. मुताच्या डागावर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये. अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो आणि बंद गाडीत तो घातक ठरतो.

गालिच्याखाली फोमचा थर असतो. वरून हाताला कोरडे लागले, तरी तो आत ओला असू शकतो. सकाळी काचांना आतून दव धरत असेल, तर खाली ओल आहे असे समजावे. कडा उचलून खाली वर्तमानपत्रे घालावीत, ती बदलत राहावीत आणि दारे उघडी ठेवून पंख्याचा वारा द्यावा.

एक सवय लावून घ्या

किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही क्षण लागतो आणि विझतो. रोज एवढे पाहायला वेळ लागत नाही. दिवा लागलाच नाही किंवा विझला नाही, तर गाडी लवकर तपासून घ्या. काय सांडले होते आणि कधी, हे कारागिराला न लाजता सांगा. डॉक्टरांना आजार सांगतो तसेच हे आहे.

करडाला दवाखान्यात नेलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण परत येताना त्याच सीटवर आपले मूल बसणार आहे. त्यासाठी एक टब आणि ताडपत्रीचा एक तुकडा आजच गाडीत टाकून ठेवा.