खोटं आभाळ, खरा रेडिओ

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. पुढे ती बांधकाम खात्याकडे, मग एमआयडीसीकडे आणि शेवटी विमानतळ प्राधिकरणाकडे आली. आता तिथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे शिकाऊ वैमानिक धानाच्या बांध्यांवरून छोटी विमानं घरघरवत नेतात. त्यांची काही उड्डाणं मात्र जमीन न सोडताच होतात, सिम्युलेटरमध्ये.

ही संस्था उभी राहिली प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीतून. सीएई सैन्यांसाठीही सिम्युलेटर बनवते. 2021 मध्ये तिने अमेरिकेतला एक लष्करी प्रशिक्षणाचा उद्योग विकत घेतला आणि त्याबरोबर ‘लिंक’ हे जुनं नावही तिच्या घरात आलं.

हा लिंक म्हणजे ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा, एडविन. आपल्या संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवा. वडिलांच्या कारखान्यातले तसलेच भाते जोडून त्याने 1929 मध्ये विमानाच्या आकाराचा एक लाकडी डबा डोलता केला. पेटंटमध्ये लिहिलं होतं, शिकाऊ वैमानिकांचं साधन आणि करमणुकीचं यंत्र. लष्कराने नाक मुरडलं; डबे गेले जत्रेतल्या पाळण्यांच्या रांगेत. 1934 च्या हिवाळ्यात अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम पडलं आणि धुक्या-बर्फात डझनभर जण गेले. तेव्हा कुठे सहा डब्यांची ऑर्डर निघाली. महायुद्ध संपेपर्यंत डब्यांची संख्या दहा हजारांवर गेली होती.

डब्यावर झाकण, आत अंधार. बाहेर टेबलाशी मास्तर. त्यांच्या नकाशावर ‘खेकडा’ नावाचं चाकांचं यंत्र शिकाऊची वाट रेघत जाई. कानात मोर्स वाजे, तेही मास्तरांनीच सोडलेलं. रेडिओने आखलेल्या मार्गाच्या एका बाजूला ‘ए’, म्हणजे टिंब-रेघ. दुसऱ्या बाजूला ‘एन’, रेघ-टिंब. बरोबर मधोमध आलात की दोन्ही एकमेकांत बसून एकच अखंड सूर! सुरात राहिलात तर वाचलात. ऑर्गनवाल्याच्या पोराला हे शोभलं.

तोफखान्याच्या सरावाची जुनी युक्ती तर आणखी घरगुती. गोणपाटावर डोंगर-गावं रंगवायची, खाली एक माणूस दडवायचा. वरचा निरीक्षक गोळा कुठे टाकायचा ते आकड्यांत सांगणार, खालचा नेमक्या त्या जागी धूर फुंकणार, कधी कधी चक्क सिगारेटचा. सरकारी खर्चाने धूम्रपान करायची अशी नोकरी पुन्हा निघायची नाही.

1980 च्या दशकात अमेरिकेने दूरदूरचे खोटे रणगाडे तारांनी जोडून एकाच संगणकी मैदानात उतरवले. नाव ‘सिमनेट’. जाळ्यावर गर्दी होऊ नये म्हणून तोड निघाली ती भन्नाट: प्रत्येक संगणकाने बाकीचे रणगाडे कुठे असतील याचा अंदाज बांधत राहायचं, आणि स्वतःचा रणगाडा त्या अंदाजाबाहेर गेला तरच निरोप धाडायचा. मामाच्या गावाला गेलेल्या पोरांसारखं, काही झालं तरच फोन! खऱ्या मैदानावरही त्याच सुमारास बंदुकीतून गोळीऐवजी लेझर सुटू लागला आणि अंगावरचं यंत्र ओरडून सांगू लागलं, तू मेलास.

या खोट्या लढायांत रेडिओवरची शिस्त मात्र शंभर टक्के खरी असावी लागते. लष्करात रेडिओ सांभाळणाऱ्या आपल्या सिग्नल कोअरची स्थापना 15 फेब्रुवारी 1911 ची. ब्रीद ‘तीव्र चौकस’. त्यांचं एक जुनं प्रशिक्षण केंद्र जबलपूरला आहे, म्हणजे गोंदियाहून सुटणारी रेल्वेची छोटी लाइन जिथे संपायची तिथे.

सिनेमातला नायक रुबाबात म्हणतो, ‘ओव्हर अँड आउट’. पण ‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल, आणि ‘आउट’ म्हणजे माझं संपलं, उत्तर नको. ‘बोल, बोलू नको’ असं एका दमात! वैमानिक नऊला ‘नायनर’ म्हणतात, पाचाला ‘फाइफ’, खरखरीत आकडा चुकू नये म्हणून. आणि ‘रॉजर’ हा कुणी साहेब नव्हे. ‘निरोप पोचला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर ‘आर’, आणि जुन्या वर्णमालेत ‘आर’ला म्हणत रॉजर. 1956 मध्ये वर्णमाला बदलली, ‘आर’चा रोमिओ झाला, रॉजर तसाच राहिला. बिरसीच्या टॉवरला उत्तरादाखल ‘रोमिओ’ म्हणायची हिंमत अजून तरी कुणी करू नये.