खुराड्यातली रात्रपाळी

चल, आधी सगळ्यांत घाणेरडं काम उरकून टाकू. खुराडं झाडायचं!

नाक मुरडू नकोस हं. परसात चार कोंबड्या पाळायच्या म्हणजे सकाळी हे काम कुणीतरी करायलाच हवं. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात पत्र्याचा तुकडा. रात्रभर साठलेली विष्ठा खरवडायची, ओलं झालेलं भाताचं तूस बाहेर ओढायचं, कोरडं पसरायचं. की झालं!

पण थांब. टाकून द्यायच्या आधी जरा वाकून बघ. प्रत्येक काळपट गोळ्यावर पांढरं काहीतरी दिसतंय ना? जणू कुणी वरून चुन्याचं बोट टेकवलंय!

ओळख बघू, ते काय असेल?

ती कोंबडीची शू आहे!

अगदी खरं! कोंबडीला आपल्यासारखी पातळ शू होतच नाही. शरीराला नको असलेला भाग ती घट्ट पांढऱ्या लगद्याच्या रूपात बाहेर टाकते. त्यामुळे पाणी वाचतं. शी आणि शू एकदमच, एकाच दारातून! वर्गात मध्येच करंगळी वर करायची भानगडच नाही!

ही घाण टाकून देऊ नकोस बरं का. हे झकास खत आहे. पण ताजं ताजं वांग्याच्या मुळाशी घातलंस तर रोप करपेल, इतकं ते कडक असतं. पालापाचोळ्यात मिसळून काही महिने खड्ड्यात कुजू दे. मग बघ वांगी कशी लगडतात!

हात धुतलेस का? साबणाने? धू आधी. मी आहे इथेच.

आता दार उघड. पहिला बाहेर येणार कोंबडा. तुरा ताठ, छाती पुढे. जणू सूर्याला यानेच उठवलंय!

पण गंमत ऐक. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की कोंबडा उजेड बघून आरवतो की आपला आपणच? म्हणून त्यांनी काही कोंबड्यांना अशा खोलीत ठेवलं, जिथे चोवीस तास सारखाच मंद उजेड. पहाट नाही, सूर्य नाही, काही नाही. तरी वेळ झाली की पठ्ठे आरवायचेच! म्हणजे घड्याळ त्यांच्या शरीरातच आहे. ही गोष्ट २०१३ सालची.

पुढे २०१५ साली त्यांनी आणखी एक गंमत शोधली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये पहिली बांग कोण देतो, माहीत आहे? त्यांच्यातला दादा! बाकीचे आधीच जागे असले, तरी त्याच्यासाठी थांबतात. तो आरवला की मग दुसरा, मग तिसरा, ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे!

नंबर? कोंबड्यांमध्ये नंबर असतात?

असतात तर! आता दाणे टाकायची वेळ झालीच आहे. टाक आणि स्वतःच बघ. मूठभर तांदळाची कणी, थोडी ज्वारी. कुणी 'ती-ती-ती' म्हणून बोलावतं, कुणी 'आ-आ-आ'. तुझ्या घरी जे चालत असेल ते म्हण. आल्या बघ धावत!

आता दाण्यांकडे नको, चोचींकडे बघ. तांबडीने काळीला टोचलं. काळी गुपचूप बाजूला झाली आणि तिने कवडीला टोचलं. कवडीने कुणाला टोचलं? कुणालाच नाही! ती बिचारी कडेकडेने टिपतेय. उद्या बघितलंस तरी क्रम हाच. परवाही हाच!

हे कुणी शोधलं सांगू? नॉर्वेमध्ये थोरलीफ श्येल्डेरूप-एब्बे नावाचा एक मुलगा होता. त्याला कोंबड्यांचं भारी वेड. कोण कुणाला टोचतं, ते तो टिपून ठेवायचा. मोठेपणी, १९२२ साली, त्याने त्यावर शास्त्रीय लेख छापला. मग जगभरचे शास्त्रज्ञ माकडांपासून माशांपर्यंत सगळ्यांमध्ये असे नंबर शोधायला लागले!

त्याला एक भन्नाट गोष्टही दिसली होती. कधीकधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते आणि तिसरी वळून पहिलीलाच टोचते! आता यांच्यात मोठी कोण? सांग बघू!

तुझ्याकडेही वही आहेच. पण हो, कवडीसाठी दाणे जरा लांब, वेगळे टाकत जा. नाहीतर ती रोज अर्धपोटी राहील.

बरं, दाणे टिपले. पण चावले कशाने? कोंबडीच्या तोंडात एकही दात नाही! चोच उघडून हवं तर मोजून बघ. (नको, खरंच नको. टोचेल.)

दाणा आधी गळ्याखालच्या एका पिशवीत जाऊन बसतो. संध्याकाळी कोंबडीला उचलून छातीवर हलकेच बोट फिरव. पिशवी टम्म लागली, तर समज पोरगी पोटभर जेवलीय. तिथून दाणे थोडे थोडे पुढे सरकतात आणि पोहोचतात पेट्यात. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो ना, तोच पेटा! त्याच्या भिंती जाडजूड, दणकट मांसाच्या. आणि आत काय असतं? खडे! कोंबडीने मुद्दाम गिळलेले बारीक खडे. पेटा आवळतो, सैल होतो, पुन्हा आवळतो आणि खड्यांमध्ये दाणे भरडले जातात. दगडाचं जातं पोटात घेऊन फिरते ही बया! म्हणून कोंबड्यांना बंद जागेत ठेवलंस, तर वाटीभर बारीक खडी ठेवायला विसरू नकोस.

दाणे संपले की माती उकरणं सुरू. त्यांचे पाय बघ. पिवळे आहेत? मग एक गुपित ऐक. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पण हा पिवळा रंग त्याच्याकडून आलेलाच नाही. २००८ साली शास्त्रज्ञांना कळलं, की तो आलाय राखी रानकोंबड्याकडून. आणि हा राहतो कुठे? आपल्या सह्याद्रीत! म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये आपल्या जंगलातल्या कोंबड्याच्या भाईबंदांचा थोडासा वाटा आहे!

दुपारी एखादी कोंबडी मातीत आडवी पडून पंख फडफडवताना दिसेल. घाबरू नकोस, तिला काही झालेलं नाही. तिची आंघोळ चाललीय! धूळ पिसांत शिरली की उवा आणि पिसवा हैराण होतात. कोपऱ्यात मातीत थोडी चुलीची गार राख मिसळून ठेव. मग बघ कशी रांग लागते!

अचानक कोंबडा एक बारीक, लांबट आवाज काढतो. सगळ्या कोंबड्या झुडपाखाली! वर बघ. घार!

दुसऱ्या दिवशी तोच कोंबडा मोठमोठ्याने 'कॉक-कॉक-कॉक' करतो. आज मात्र कुणी दबकत नाही. उलट सगळ्या माना उंच करून इकडेतिकडे बघतात. कुंपणाशी बघ. मुंगूस!

आकाशातल्या शत्रूसाठी एक हाक, जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरी! शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना नुसते रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवले. ना घार होती, ना मुंगूस. तरी घारीच्या हाकेला त्या लपल्या आणि दुसऱ्या हाकेला माना उंचावल्या. काय चाललंय, ते त्यांना हाकेवरूनच कळतं!

आता चल तुझ्या आवडत्या कामाला. अंडी गोळा करायला!

टोपलीतल्या पेंढ्यात हात घाल. आहे ना गरम गरम? सापडलं की लगेच पाण्याखाली धरू नकोस. अंड्यावर एक अगदी पातळ, न दिसणारा लेप असतो. कवचाला हजारो बारीक भोकं असतात ना, त्यांतून जंतू आत शिरू नयेत म्हणून. धुतलंस की लेप गेला! माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पूस. धुवायचं ते फोडायच्या आधी.

पण हे अंडं आत तयार कसं झालं? इथे खरी धमाल आहे.

आधी सुटतो पिवळा बलक. नुसता गोळा! तो एका लांब नळीतून गडगडत निघतो. वाटेत साधारण तीन तासांत त्याच्याभोवती पांढरं जमतं. मग त्याला पातळ पापुद्र्याचा सदरा चढतो. उकडलेलं अंडं सोलताना बोटाला चिकटतो ना, तोच. आणि मग येतं कवच. त्याला किती वेळ लागतो, माहीत आहे? जवळजवळ २० तास!

म्हणजे संध्याकाळी दार लावून तू गुडुप झोपतोस किंवा झोपतेस, तेव्हा खुराड्यात काम चालूच असतं. अंधारात, आवाज न करता. कोंबडीची रात्रपाळी!

बरं, हे कवच कशाचं? ज्यात कॅल्शियम असतं, त्या चुनखडीचं. शिंपल्याचं कवच ज्याचं बनतं, तेच हे. मग प्रश्न असा, की रात्री तिला चुनखडी मिळते कुठून? पोटातले दाणे संपत आलेले. दुकान बंद!

विचार कर. हरलास? हरलीस?

स्वतःच्या हाडांतून!

हो! अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पायांच्या हाडांत आतल्या बाजूला कॅल्शियमचा खास साठा असतो. आजी नाही का डाळीच्या डब्यात पैसे दडवून ठेवत? अगदी तसा. दिवसा चरून साठा भरायचा, रात्री त्यातून काढून अंड्याला कवच चढवायचं. रोज थोडं हाड विरघळतं, रोज पुन्हा भरतं. आपलं एक हाड मोडलं तर आपण किती दिवस प्लॅस्टर मिरवतो, आणि ही बघ!

सगळं मिळून एका अंड्याला जवळजवळ २५ तास लागतात. दिवस तर २४ तासांचा. म्हणून आज सकाळी आठला अंडं दिलं, तर उद्या त्याहून उशिरा, परवा आणखी उशिरा. असं करत करत दुपार उलटली, की बाईसाहेब एक दिवस सुट्टी घेतात!

थंडीत अंडी कमी मिळतात, त्यालाही कारण आहे. दिवस लहान झाल्याचं कोंबडीला कळतं, आणि नुसतं डोळ्यांनी नाही. उजेड तिच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत झिरपतो! तिथे उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. दिवस मोठे झाले की तिकडूनच हुकूम सुटतो, चला, अंडी सुरू करा!

मग एके दिवशी तांबडी टोपलीतून उठतच नाही. हात नेलास तर अंग फुलवून 'कुर्रर्र' करते. आजी लगेच सांगेल, "खुडूक झालीय गं ती. अंडी ठेवा तिच्याखाली."

आता तुझं काम. अंड्यांवर पेन्सिलने खूण कर. का? कारण काळी आणि कवडी महा आळशी. तिथेच येऊन आपलं अंडं घालून पसार होतात! खूण नसलेलं अंडं दिसलं की उचलायचं. बाकी सगळं तांबडी करते. तिच्या पोटाखालची पिसं विरळ होतात आणि उघडी गरम कातडी अंड्यांना टेकते. चोचीने ती दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवते.

आठवड्याने अंधारात एका अंड्याला बॅटरी लावून बघ. आत लालसर धाग्यांचं जाळं दिसेल. कोळ्याच्या जाळ्यासारखं! त्या पिल्लाच्या रक्तवाहिन्या आहेत.

२१ दिवस. बस्स! पण त्याच्या आधीच गडबड सुरू होते. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची एक छोटी खोली असते. पिल्लू चोच आत खुपसतं आणि तिथे पहिला श्वास घेतं. मग आतूनच 'चिव चिव'! आणि आई बाहेरून 'क्लुक क्लुक' करून उत्तर देते. अजून भेट नाही, पण गप्पा सुरू!

कवच फोडायला चोचीच्या टोकावर एक टोकदार टिकली असते. काम झालं की काही दिवसांत ती गळून पडते. बाहेर यायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. हा त्याचा डबा! त्यावर ते दोन दिवस सहज काढतं. म्हणून तर मागे राहिलेली भावंडं बाहेर येईपर्यंत आईला थांबता येतं.

पहिल्या आठवड्यात त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला विसरू नकोस. डोळ्यात लसीचा एक थेंब, आणि मानमोडीपासून बचाव! हा रोग फार वाईट. एका कोंबडीला झाला की अख्ख्या वाडीतली खुराडी ओस पडतात.

आता फुटलेलं कवच हातात घे. बाजारातल्या अंड्याच्या कवचापेक्षा जरा नाजूक लागतंय ना? कारण पिल्लाने त्यातलंच कॅल्शियम ओढून आपली हाडं बनवली! आईच्या हाडातून कवचात, कवचातून पिल्लाच्या हाडात!

आणि तांबडीच्या हाडांचं काय? तिचा डबा पुन्हा भरायला नको? म्हणून स्वयंपाकघरातली अंड्यांची टरफलं जमव. धू, तव्यावर चांगली भाज आणि अगदी बारीक चुरा करून वाटीत ठेव. पण चुराच हं! अर्धं टरफल तसंच टाकलंस आणि तिला कळलं की ही गोल वस्तू खायची असते, तर उद्या ती स्वतःच्याच अंड्याला चोच मारेल. मग बस रिकामी ताटली घेऊन आणि कर ऑम्लेट!