घरपट्टी आणि कचऱ्याचे माप

विजेचे बिल मीटरवरून येते, जळगावच्या बाजारात केळीचा घड वजन झाल्याशिवाय हलत नाही, आणि तेथील सराफाच्या पेढीवर तर गुंजभर सोन्याचाही हिशेब होतो; परंतु आपण दररोज घराबाहेर जे टाकतो, त्याचे माप मात्र कोणी घेत नाही.

धुळ्याच्या जुन्या शहरात गल्ल्यांना क्रमांक आहेत. त्यांपैकी एका गल्लीत घंटागाडीचा आवाज आला की एक वृद्ध आजी पत्र्याची लहानशी बादली घेऊन ओटा उतरतात. बादलीत चहाचा चोथा, केळीची दोन साले आणि भरितासाठी भाजलेल्या वांग्याची काळी साल, एवढाच ऐवज. "आमना घरमा कचरा निघस कितला?" असे त्या म्हणतात, आणि ते खरेच आहे. त्याच वेळी शेजारच्या घरून दोन पोती येतात, ज्यांत शिळे अन्न, फुटकी काच, प्लास्टिक आणि औषधांच्या बाटल्या एकत्र कोंबलेल्या असतात. वर्षअखेरीस पट्टीच्या पावतीवर हा भेद कोठेही रुजू होत नाही.

याचे कारण आकारणीच्या पद्धतीत आहे. जळगाव व धुळे ही शहरे 2003 साली महापालिका झाली. तेथील घरपट्टी 1949 च्या महापालिका अधिनियमान्वये मालमत्तेच्या मूल्यावरून ठरते, कचऱ्यावरून नव्हे. 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक करून स्थानिक संस्थांना उपभोक्ता शुल्क घेण्याची मुभा दिली खरी, पण ते शुल्कही सामान्यतः घरटी ठोक रकमेनेच आकारले जाते. विसंगती अशी की पुष्कळ शहरांत ठेकेदाराचा मोबदला टनामागे ठरतो, म्हणजे कचरा काट्यावर चढतो तो डेपोच्या दाराशी, जेव्हा तो कोणाच्या घरचा हे ओळखण्याची सोय उरलेली नसते. जो खर्च वजनाने होतो, त्याची वसुली वजनाशी संबंध न ठेवता करावी, हे मला न्यायाचे वाटत नाही.

दक्षिण कोरियाने 1 जानेवारी 1995 पासून देशभर अशी व्यवस्था केली की घरातला उरलासुरला कचरा नगरपालिकेने ठरवून दिलेल्या, विकत घेतलेल्या पिशवीतच टाकावा, आणि पुनर्वापराचे जिन्नस वेगळे दिल्यास त्यांचे काही पडू नये. तैपेई शहरात तर पूर्वी कचऱ्याचा आकार पाणीपट्टीबरोबर, पाण्याच्या वापरावरून, घेतला जात असे. 2000 साली तेथेही पिशवीची पद्धत आली. तेथील गाड्याही आपल्या घंटागाडीसारख्याच गाणे वाजवीत येतात आणि लोक पिशवी हातात घेऊन रस्त्यावर उभे राहतात, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला.

आपल्याकडे लोक पैसे देणार नाहीत, ही शंका पुण्याने काही अंशी दूर केली आहे. तेथे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून काम करते आणि घरे दरमहाचे शुल्क थेट कष्टकऱ्याच्या हाती देतात. तेही शुल्क वजनावर नाही, परंतु काम करणाऱ्याला त्याचा दाम प्रत्यक्ष मिळतो. दुसरी शंका मात्र गंभीर आहे: पैसे वाचविण्यासाठी माणसे रात्री पोते धुळ्यात पांझरा नदीच्या पात्रात किंवा जळगावात मेहरूण तलावाच्या काठी टाकतील, आणि दहा जणांच्या गरीब कुटुंबावर श्रीमंत दांपत्यापेक्षा अधिक बोजा पडेल. म्हणून माणशी काही माप माफ असावे, वेगळा केलेला सुका कचरा सर्वांना विनामूल्य घ्यावा, आणि आकार पडावा तो केवळ मिसळलेल्या कचऱ्यावर. सुक्या कचऱ्याला गिऱ्हाईक नाही असेही नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या प्लास्टिकपासून चटया विणणारे कारखाने आहेत, आणि स्वच्छ, निवडलेले प्लास्टिक हा त्यांचा कच्चा माल होय.

एकदम वसुलीचा तगादा लावण्याची गरज नाही. जळगाव व धुळे या दोन्ही महापालिकांनी एकेक प्रभाग निवडून घंटागाडीवर साधा काटा बसवावा, सहा महिने एक पैसाही न घेता प्रत्येक घराच्या कचऱ्याचे वजन नोंदवावे, आणि ती नोंद ज्याची त्याला घरपट्टीच्या बिलासोबत पाठवावी.